बॉयलरचा परवाना आणि सेफ्टी ऑफिसरची सही

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीच्या फेज २ मध्ये स्फोट झाला, तेव्हा पहिले काही तास सगळीकडे एकच वाक्य फिरत होतं. "बॉयलर फुटला." टीव्हीवर तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच, रिक्षा स्टँडवर तेच. नंतर कळलं की बॉयलर नव्हे, रिअ‍ॅक्टर. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं, आता यात काय फरक पडतो? गेलेल्यांच्या घरच्यांना पडत नाही, खरं आहे. पण कायद्याच्या दृष्टीनं फरक प्रचंड आहे, आणि तो समजून घ्यायचा तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

(त्या कारखान्याचं प्रकरण चौकशीचं आणि कोर्टाचं आहे. त्यावर इथं एक अक्षर लिहीत नाही. कमेंटमध्येही नको.)

बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारं भांडं. रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्यात रसायनं एकत्र घालून प्रक्रिया घडवतात ते भांडं. दोन्हींत दाब असू शकतो, दोन्हींत उष्णता असते. पण आपल्या देशात बॉयलरसमोर कोण उभं राहील हे सरकार ठरवतं. त्या माणसाला बोर्डासमोर परीक्षा द्यावी लागते, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट लागतं, आणि असा माणूस न ठेवता बॉयलर चालवला तर मालक गुन्हेगार ठरतो. रिअ‍ॅक्टरसमोर रात्रपाळीला उभा असलेल्या ऑपरेटरला अशी कुठलीही सरकारी परीक्षा नाही. आयटीआयमध्ये 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' हा चांगला ट्रेड आहे, पण तो केलेलाच माणूस त्या जागी हवा अशी बॉयलरसारखी सक्ती नाही.

हे असं का झालं? कुणी बसून विचारपूर्वक ठरवलं म्हणून नाही. जिथं जसं माणूस मेलं, तिथं तसा कायदा आला, म्हणून.

१८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला आणि बरीच माणसं गेली. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालनं कलकत्ता आणि उपनगरांतल्या वाफेच्या बॉयलरांची तपासणी करणारा कायदा केला. भारतातला हा बॉयलरचा पहिला कायदा. मग मुंबईसह एकेका प्रांतानं आपापला कायदा केला, आणि १९२० पर्यंत देशात सात वेगवेगळे कायदे झाले. एकाच बॉयलरला एका प्रांतात एवढा दाब चालायचा, दुसऱ्यात तेवढा. काही प्रांतांत अटेंडंट शिकलेला आणि परवानाधारक लागायचा, काहींत कुणीही चालायचा. हा गोंधळ निस्तरायला समिती बसली आणि १९२३ चा इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट आला. तो शंभरी ओलांडून टिकला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला.

या कायद्याचा स्वभाव बघा. प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक, तो बॉयलरवर कायमचा कोरलेला. चालवायचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त वर्षभराचं. त्यावर दाब लिहिलेला, आणि प्रेशर गेजवर त्या दाबाला लाल रेघ. अपघात झाला तर २४ तासांत कळवायचं. आणि अटेंडंट? तो कितीही गरीब असो, सर्टिफिकेट त्याच्या स्वतःच्या नावावर असतं, कंपनीच्या नाही. निष्काळजीपणा केला तर ते जाऊही शकतं. काचेत पाणी दिसेनासं झालं तर आग काढायची की साहेबाला विचारायला जायचं, हा प्रश्नच त्याला पडायला नको. त्याला शिकवलेलंच ते असतं. शिक्षण, अधिकार आणि जबाबदारी, तिन्ही एकाच माणसाच्या खिशात.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ. ताडदेवला कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये गिरणी काढली आणि पुढच्या वीस वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. गिरणीत बॉयलर होताच, पण माणूस मरायचा किंवा लुळा व्हायचा तो बहुतेक पट्ट्यात, गिअरमध्ये, उघड्या शाफ्टमध्ये. आणि पोरं. सहा-सात वर्षांची पोरं दिवसभर राबायची. १८७५ मध्ये मुंबई सरकारनं फॅक्टरी कमिशन नेमलं. सोराबजी शापूरजी बंगालींसारख्या माणसानं कायदा व्हावा म्हणून धडपड केली, मसुदासुद्धा केला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनाही आपल्याकडच्या मजुरांचा अचानक कळवळा आला. का आला, ते उघड आहे. मुंबईचं सूत त्यांना नडत होतं.

मग १८८१ चा पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट. १०० किंवा जास्त माणसं, यांत्रिक शक्ती, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणारा कारखाना असेल तरच लागू. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बाराच्या मुलांना नऊ तास. धोकादायक यंत्रांना कुंपण. अपघाताची खबर.

या कायद्यात पहिलं सर्टिफिकेट कुणाचं होतं, माहिती आहे? मुलाचं. डॉक्टरनं पोराकडे बघून सांगायचं की हा सातचा आहे की बाराचा. जन्मदाखले नव्हतेच, दात बघा, उंची बघा आणि सही करा. १९४८ च्या कारखाने कायद्यातही 'सर्टिफायिंग सर्जन' हे पद होतं, त्याचं मूळ हे. कामगार तपासला गेला. यंत्रावर कुंपण आहे का हे बघायला कलेक्टरसाहेब वगैरे हुद्द्यानंच निरीक्षक, म्हणजे ज्यांना शाफ्ट आणि स्पिंडलमधला फरक सांगावा लागे अशी मंडळी. खरा जाणकार हवा म्हणून १८८२ मध्ये इंग्लंडचे फॅक्टरी इन्स्पेक्टर मीड किंग यांना मुंबईत आणलं. त्यांनी अहवाल दिला. पण गिरणीच्या आत, यंत्राशेजारी, सुरक्षेचं काही शिकलेला माणूस ठेवा असं कुणी म्हणालं नाही.

'चार महिने' ही अट लक्षात ठेवा. खानदेशातल्या जिनिंग फॅक्टऱ्या हंगामीच चालायच्या. कापूस आला की दिवसरात्र, कापूस संपला की कुलूप. १८८५ च्या फॅक्टरी कमिशनपुढे तिथल्या बायकांच्या कामाच्या तासांची जी माहिती आली ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. पहाटे सुरू, रात्री उशिरापर्यंत, गर्दीच्या दिवसांत तर सलग. कायद्याला त्या दिसत नव्हत्या, कारण त्या आकड्यात बसत नव्हत्या. आकड्यात बसणं-न बसणं ही गोष्ट या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. आजही येते, पुढे सांगतो.

आणि आपल्याकडचे शिकलेले लोक काय म्हणत होते? राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांनी, त्यात पुण्याचे 'केसरी' आणि 'मराठा'ही आले, फॅक्टरी कायद्याला विरोध केला. हा लँकेशायरचा कट आहे, देशी धंदा बुडवायचा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. ते सगळं चूक होतं असं मी म्हणणार नाही, लँकेशायरचा स्वार्थ होताच. पण मँचेस्टरच्या स्वार्थामुळे परळच्या पोराचा हात वाचत असेल तर त्या पोराच्या आईला मँचेस्टरशी काय देणंघेणं? हा प्रश्न त्या वेळी विचारणारा एक माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला कार्यकर्ता, 'दीनबंधु'चा संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेला.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिलं. रविवारची सुट्टी आपण सगळे त्यांच्या नावानं ओळखतो. ती १० जून १८९० ला गिरणीमालक संघानं मान्य केली. पण त्या निवेदनातली शेवटची मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. रविवार सहा वर्षांत मिळाला. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. म्हणजे ३९ वर्षांनी. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगनं त्यांना नेलं.

भरपाईचा आणि सुरक्षेचा संबंध सरळ आहे. माणूस मेला तर मालकाला खर्च येतो म्हटल्यावर मालक कुंपणाचा विचार करतो. त्याआधी मेलेला कामगार फुकट पडायचा.

१८९१ च्या कायद्यानं १०० चा आकडा ५० वर आणला. मग १९११, १९२२, १९३४. त्यात आकडा आणखी खाली आला, तास कमी होत गेले. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं सांभाळत होते त्या काळात, १९४५ मध्ये, कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं केंद्रीय कार्यालय निघालं. पुढे त्याचंच डीजीफासली झालं. मुख्यालय आपल्या मुंबईत, सायनला. तिथली सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट हायवेवरून जाताना पुष्कळांनी बघितली असेल, आत काय चालतं ते फार कमी लोकांना माहीत. इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा देशात ज्या मोजक्या सरकारी जागी शिकवतात त्यातली ही एक. आणि ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेली नॅशनल सेफ्टी काउन्सिल, तिचं मुख्यालय आज सीबीडी बेलापूरला. ४ मार्चला कंपनीत शपथ, बॅज आणि हेल्मेट घालून ग्रुप फोटो असतो ना, तो दिवस हाच. थोडक्यात, सुरक्षेचं शास्त्र शिकवणाऱ्या देशातल्या मुख्य संस्था आपल्या लोकलच्या टप्प्यात आहेत. उपयोग किती करून घेतला, ते सोडा.

मध्येच थोडं खाणीत उतरू, कारण तिथं वेगळंच घडलं.

इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणीत एकामागून एक स्फोट झाल्यावर १८७२ च्या कायद्यानं सांगितलं की खाणीचा मॅनेजर सर्टिफिकेटवाला पाहिजे. तीच कल्पना १९०१ च्या खाण कायद्यातून आपल्याकडे रुजली. आज वणी, चंद्रपूर, उमरेडच्या खाणीत बघा. मॅनेजर प्रमाणपत्रधारक. त्याखाली ओव्हरमन, तोही परीक्षा पास. त्याखाली 'सरदार'. हो, सरदारच, इंग्रजी नियमांतसुद्धा हाच शब्द आहे. सरदाराच्या परीक्षेला बसायचं तर प्रथमोपचाराचं आणि गॅस ओळखण्याचं सर्टिफिकेट आधी लागतं. आपल्या हद्दीत धोका दिसला तर माणसं बाहेर काढणं हे त्याचं कर्तव्य आहे. परवानगी मागायचा प्रश्न नाही. आणि मॅनेजरनं हलगर्जी केली तर चौकशी होऊन त्याचं सर्टिफिकेट निलंबित होऊ शकतं, रद्दही. म्हणजे पोट ज्याच्यावर आहे तोच कागद हातातून जातो.

लगेच कुणी म्हणेल, मग चासनाला कसं झालं? २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळ, खाणीत पाणी घुसलं आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. सगळे परवाने असताना गेली. बरोबर आहे. कागदानं पाणी अडत नाही. पण तिथं चौकशी सुरू झाली तेव्हा 'इथं जबाबदार कोण' हे शोधायला लागलं नाही. नावं नियमातच होती.

आता कारखान्यांकडे परत. १९४८ चा कारखाने कायदा मोठा, चांगला आणि सविस्तर. लिफ्ट, क्रेन, दाबाखालची भांडी ठरावीक मुदतीनं 'सक्षम व्यक्ती'कडून तपासून घ्या, असं त्यात होतं. म्हणजे रिअ‍ॅक्टरला अगदीच वाली नाही असं नाही. दाबाचं भांडं म्हणून तो तपासला जातो. पण यंत्र तपासणारा माणूस येतो, सही करतो, जातो. तिथं रोज हजर असणारा, सुरक्षेचं शिकलेला माणूस कायद्यात नव्हता. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीस वर्षं नव्हता.

तो आला १९७६ मध्ये. कलम ४०-ब. १००० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नेमा. त्याहून लहान कारखान्यात धोका असेल तर राज्य सरकार सांगेल तिथं नेमा. महाराष्ट्रानं त्याचे नियम १९८२ मध्ये केले. हे नियम मी पोस्टसाठी पुन्हा वाचले, आणि त्यातल्या तीन गोष्टींवर थांबलो.

पहिली, पात्रता. इंजिनिअरिंगची किंवा तत्सम पदवी-पदविका, कारखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव, त्यावर इंडस्ट्रियल सेफ्टीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. आणि त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला पाहिजे. हे कायद्यात लिहिलेलं आहे, मंडळी! भाषेचं राजकारण आपण पाट्यांवरून करतो. ही भाषेची अट, जिच्यावर हात-पाय अवलंबून आहेत, ती कुणाच्या खिजगणतीत नाही. आणि हो, आज तळोज्यात, तारापूरला, डोंबिवलीत बहुसंख्य कामगारांची भाषा अनेक ठिकाणी भोजपुरी, हिंदी किंवा ओडिया असते. मग सेफ्टी ऑफिसरला तीच यायला हवी. नियमाचा अर्थ तोच आहे, आवडो न आवडो.

दुसरी, त्याला सुरक्षेच्या कामाला बाधा येईल असं दुसरं काम द्यायचं नाही. वाचून हसू आलं असेल ज्यांना माहीत आहे त्यांना. कँटीन बघ, गेटपास बघ, प्रदूषण मंडळाची फाईल बघ, ऑडिटवाले आले तर त्यांच्या गाड्यांचं बघ.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. त्याचं काम काय? नियमाचे शब्द आहेत, व्यवस्थापनाला सल्ला देणं आणि मदत करणं. बस. बॉयलर अटेंडंटकडे बॉयलर असतो, खाणीतल्या सरदाराकडे माणसं बाहेर काढण्याचं कर्तव्य असतं. सेफ्टी ऑफिसरकडे सल्ला असतो. प्लांट थांबवायचा असेल तर तो प्रॉडक्शन मॅनेजरला सांगणार, मॅनेजर म्हणणार डिस्पॅच आजच आहे, आणि तो रजिस्टरमध्ये लिहून ठेवणार. पगार त्याच मालकाकडून. नोकरी गेली तर त्याच्यामागं उभं राहणारं मंडळ नाही. डॉक्टरांची कौन्सिल आहे, वकिलांची बार कौन्सिल आहे, सीएंची इन्स्टिट्यूट आहे. चुकला तर सनद काढून घेतात, पण तो कामात ठाम राहिला तर सनदच त्याचं बळही असते. सेफ्टी ऑफिसरांची अशी कायदेशीर नोंदणी आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९६९ पासून सुरक्षा व्यावसायिकांना प्रमाणित करणारं स्वतंत्र बोर्ड आहे. सरकारी नाही, तरी त्या प्रमाणपत्राला वजन आहे आणि ते काढूनही घेता येतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. सेफ्टी ऑफिसरला फक्त सल्लागार ठेवण्यामागे विचार होता. जबाबदारी त्याच्यावर टाकली की मालक हात झटकणार, "मी माणूस नेमला होता, त्याला विचारा." म्हणून कायदा 'भोगवटादारा'ला धरतो, आणि कंपनी असेल तर भोगवटादार म्हणजे संचालकच. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे पक्कं केलं, की कुठल्यातरी मॅनेजरला पुढे करून संचालकांना सुटता येणार नाही. उत्तम निर्णय. पण त्यानं अपघातानंतर कुणाला पकडायचं ते ठरतं. अपघाताआधी, पहाटे तीन वाजता, तापमान चढत असताना 'बंद करा' म्हणायचा हक्क कुणाचा, हे त्यानं ठरत नाही.

भोपाळमध्ये, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, नेमकं हेच तर झालं. तिथं कागद कमी नव्हते. १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या इंजिनिअरांनी कारखाना तपासून दोष लिहून दिले होते. पत्रकार राजकुमार केसवानी तेव्हाच लिहून लिहून थकले होते. पण मधल्या काळात एमआयसी युनिटच्या पाळीतली माणसं १२ वरून ६ वर आणली गेली, रात्रपाळीचा मेंटेनन्स सुपरवायझर काढला गेला, प्रशिक्षण आखडलं. सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या आणि वाचणारे पुष्कळजण हिंदीवाले. सेफ्टी ऑफिसरला कामगारांची भाषा यावी ही अट वाचताना मला म्हणूनच भोपाळ आठवतं.

भोपाळनंतर १९८७ ची दुरुस्ती आली. धोकादायक प्रक्रियांसाठी कायद्यात नवं प्रकरण घातलं. कलम ४१-क प्रमाणे घातक रसायनं हाताळण्यावर देखरेख करणारा माणूस पात्र आणि अनुभवी हवा. ४१-ह प्रमाणे जीवाला तत्काळ धोका वाटला तर कामगार ते व्यवस्थापनाच्या नजरेस आणू शकतो, आणि व्यवस्थापनानं लगेच उपाय करून निरीक्षकाला कळवायचं. 'सक्षम व्यक्ती'ची व्याख्याही तेव्हाच आली: मुख्य निरीक्षकानं मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था. पण तिला बोलावणार कोण आणि फी देणार कोण? ज्याची तपासणी आहे तोच. परीक्षकाची फी विद्यार्थी देतो अशी ही पद्धत. प्रामाणिक परीक्षक असतातच, मी काही ओळखतो. पण त्यांचा प्रामाणिकपणा हा त्यांचा व्यक्तिगत गुण आहे, व्यवस्थेनं दिलेला नाही.

आता ताजं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत सेफ्टी ऑफिसरचे आकडे बदलले. कारखान्यात ५०० कामगार, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५०, बांधकामावर २५०, खाणीत १००. १००० वरून ५०० हे चांगलंच झालं. बांधकाम आणि खाणही त्याच कलमात आली. पण आता आपल्या एमआयडीसीत फिरून बघा आणि सांगा, २५० कामगारांचा केमिकल कारखाना किती? इथले बहुतेक कारखाने २०, ४०, ६० माणसांवर चालतात, त्यातली निम्मी कंत्राटी. रसायन माणसं मोजत नाही. चार माणसांच्या शेडमधला रिअ‍ॅक्टर आणि चारशे माणसांच्या कंपनीतला रिअ‍ॅक्टर तापला की सारखाच तापतो, आणि इथं भिंतीपलीकडे सोसायटी आहे, शाळा आहे. १८८१ मध्ये खानदेशच्या बायका चार महिन्यांच्या अटीत सुटल्या. आज शेडमधला ऑपरेटर २५० च्या अटीत सुटतो.

राज्यानं जोखमीप्रमाणे लहान कारखान्यांनाही लावावं, चार-पाच शेजारच्या कारखान्यांनी मिळून एक सेफ्टी ऑफिसर ठेवावा, रिअ‍ॅक्टर ऑपरेटरला बॉयलर अटेंडंटसारखी परीक्षा लावावी, यातलं काहीही अशक्य नाही. सेफ्टी ऑफिसरची पात्रता आणि कामं संहितेनं सरकारी नियमांवर सोपवली आहेत. म्हणजे ते मुंबईत, मंत्रालयात बदलता येतं. त्यासाठी संसदेत जायला नको. 'लहान उद्योग मरतील' हे उत्तर येणार, आणि ते पूर्ण खोटंही नाही. परीक्षेची फी, शिकलेल्या माणसाचा जास्त पगार, हे परवडायचं कसं हे उद्योजकांच्या संघटनांशी बोलूनच ठरवावं लागेल. बॉयलरवाल्या लहान लाँड्री आणि राइस मिलांनी मात्र शंभर वर्षं ते परवडवून घेतलंय.

शेवटी, ज्यांनी इनबॉक्समध्ये "सेफ्टीचा कोर्स करू का" विचारलं त्यांच्यासाठी. आपल्या भागात 'फायर अँड सेफ्टी'च्या क्लासच्या पाट्या आता इंग्लिश स्पीकिंगपेक्षा जास्त झाल्यात. फी भरायच्या आधी एवढंच विचारा: हा डिप्लोमा कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरच्या नेमणुकीसाठी महाराष्ट्र शासनाला मान्य आहे का, आणि तसं लेखी दाखवा. सायनच्या लेबर इन्स्टिट्यूटचा किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, म्हणजे ज्याला सगळे 'एडीआयएस' म्हणतात, तो या कामाचा. ब्रिटनचं नेबॉश चांगलंच आहे, अभ्यास कस लावतो, आणि आखातात जायचं असेल तर तेच विचारतात. रत्नागिरी-रायगडची कितीतरी मुलं त्यावर तिकडे उभी आहेत. पण इथल्या कारखान्यात कायद्यानं सेफ्टी ऑफिसर व्हायला एकटं नेबॉश पुरत नाही. आणि 'आयएसओ ४५००१' हे तुमचं सर्टिफिकेट नसतं, कंपनीच्या व्यवस्थेचं असतं. त्याचा चार दिवसांचा कोर्स करून कुणी सेफ्टी ऑफिसर होत नाही, क्लासवाला काहीही सांगो. ज्यांच्याकडे दहावी-आयटीआय आहे आणि बॉयलर हाउसला काम करताय, त्यांनी अटेंडंटची परीक्षा जरूर द्या. अर्जाची माहिती राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे मिळते. कुणाला फॉर्म भरताना अडलं तर कमेंटमध्ये विचारा, इथं त्या परीक्षेतून गेलेले दोन-तीन जण आहेत, ते सांगतील.